कोणत्या मापाने?

वाकडच्या घरात राहायला जाऊन सव्वा महिना झाला होता. संध्याकाळी वॉचमनमामा दाराशी आले. एक छापील चिठ्ठी हातात देत म्हणाले, "ताई, हे दहा तारखेच्या आत ऑफिसात भरायचंय." चिठ्ठीवर चार ओळी होत्या. पाणी टँकर, ४ माणसं, १,२०० रुपये. नॉन-ऑक्युपन्सी, ९०० रुपये. जनरेटर, ४५० रुपये. शिफ्टिंग, २,००० रुपये. खाली बेरीज: ४,५५०. त्याच आठवड्यात महावितरणची दोन बिलं आली. एक नेहमीचं, पण अंदाजापेक्षा बरंच मोठं. दुसऱ्यावर लिहिलं होतं, 'अतिरिक्त सुरक्षा ठेव'.

घर बघताना एजंट म्हणाला होता, "भाडं आणि लाइट बिल, बाकी काही नाही." मी घरमालककाकांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "अहो, आपल्या करारात आहे ना, वीज, पाणी व इतर सर्व आकार तुमच्याकडे." सोसायटीच्या ऑफिसात गेले तर मॅनेजर म्हणाले, "मॅडम, सगळेच भाडेकरू भरतात. तुमचं काही असेल तर ओनरशी बोला." ओनर म्हणतात सोसायटीशी बोला, सोसायटी म्हणते ओनरशी बोला. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत महाराष्ट्रातले लाखो लोक राहतात.

त्या संध्याकाळी मला राग आला होता, पण रागातून काही सुटत नव्हतं. सुटायला लागलं ते रात्री चिठ्ठी पुन्हा वाचताना. प्रत्येक ओळीपुढे रुपये होते, पण ते कशाने मोजले ते फक्त पहिल्या ओळीत लिहिलेलं होतं: ४ माणसं. बाकीच्या ओळींना माप नव्हतं. कुठलाही आकार म्हणजे आधी माप आणि मग दर. वीज युनिटने मोजतात, पाणी लिटरने किंवा नळाने, जिन्यातला दिवा आणि वॉचमनचा पगार घराने किंवा जागेच्या हिश्शाने. माप ठरवणाऱ्याच्या हातात बिल असतं. भाडेकरूची अडचण अशी की माप ठरवणाऱ्या बैठकीत त्याला खुर्चीच नसते.

सुरुवात एका शब्दापासून करायला हवी, कारण 'भाडेकरू' हा शब्दच आपल्याकडे फसवा आहे. पुण्या-मुंबईत आज बहुतेक घरं 'लिव्ह अँड लायसन्स'वर दिली जातात. १८८२च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या ५२व्या कलमात लायसन्सची व्याख्या आहे. लायसन्स म्हणजे दुसऱ्याच्या जागेत काही करण्याची नुसती परवानगी. त्या जागेत तुमचा हक्क निर्माण होत नाही. म्हणजे रोजच्या बोलण्यात तुम्ही भाडेकरू असता, पण कागदावर असता 'परवानाधारक'. हा भेद वकिलांपुरता नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या २९व्या कलमानुसार घरमालकाला भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा योग्य कारणाशिवाय तोडता येत नाही. या पुरवठ्यात पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि साफसफाई हे सगळं येतं. कलमाची भाषा भाडेकरूसाठी आहे. अकरा महिन्यांच्या लायसन्सवर राहणाऱ्याने फक्त त्याच्या भरवशावर भांडायला उतरू नये. त्याचं पहिलं शस्त्र म्हणजे स्वतःचा करार.

त्या कराराबद्दल याच कायद्याचं ५५वं कलम फार महत्त्वाचं आहे, आणि मला वाटतं ते प्रत्येक घर घेणाऱ्याला तोंडपाठ असावं. करार लेखी हवा आणि नोंदणी केलेला हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं आणि ते खोटं ठरवायचं ओझं समोरच्यावर पडतं. दोनशे-पाचशेच्या स्टँपवर घाईघाईत सह्या घेणारा मालक या कलमामुळे स्वतःच उघड्यावर येतो.

माझा करार नोंदणी केलेला होता. म्हणून 'इतर सर्व आकार' हे तीन शब्द माझ्या गळ्यात होते. ऑनलाइन नोंदणीच्या ठरीव मसुद्यात हे शब्द असतात आणि आपण ठशासाठी अंगठा टेकवताना ते वाचत नाही. कोणते आकार, कोणाचे, कोणत्या दराने, वाढले तर किती, यातलं काहीही त्या तीन शब्दांत नसतं. पण मला एक गोष्ट सापडली. करारात सोसायटी कुठेच पक्षकार नव्हती. सही माझी आणि काकांची. सोसायटीचा सभासद काका, सोसायटीचं बिल काकांच्या नावाने. सोसायटीने माझ्या नावाने चिठ्ठी पाठवावी असं आमच्यात काहीच ठरलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकांना म्हटलं, "काका, तुमच्या नावाने सोसायटीचं जे मेंटेनन्सचं बिल येतं, त्याचा फोटो पाठवाल का?" त्यांनी पाठवला. त्या कागदाने निम्मं भांडण मिटलं.

आधी नॉन-ऑक्युपन्सी. मालक स्वतः राहत नाही आणि घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी जी रक्कम घेते, ती ही. एकेकाळी सोसायट्या यासाठी मनाला येईल ते आकारत. मग राज्य सरकारने १ ऑगस्ट २००१ रोजी सहकारी संस्था कायद्याच्या ७९अ कलमाखाली आदेश काढला: ही रक्कम सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त असता कामा नये, आणि त्या सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. मुंबईच्या माँ ब्लाँ सोसायटीने या आदेशाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. २००७ साली न्यायालयाने आदेश कायम ठेवला.

यातला कळीचा शब्द 'सेवाशुल्क'. तो म्हणजे पूर्ण मेंटेनन्स नव्हे. मेंटेनन्सच्या बिलात मालमत्ता कर असतो, पाणी असतं, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड, पार्किंग असतं. सेवाशुल्क म्हणजे नोकरांचे पगार, ऑफिसचा खर्च, जिन्यातली वीज, ऑडिट फी अशा गोष्टी. काकांच्या बिलात एकूण रक्कम ४,२०० होती आणि त्यातलं सेवाशुल्क १,८००. दहा टक्के म्हणजे १८० रुपये. माझ्या चिठ्ठीवर होते ९००. आणि ते १८० रुपयेसुद्धा देणं लागत होते काका, कारण न राहण्याचा आकार राहणाऱ्याकडून घ्यायचा याला अर्थच नाही. करारात तो मालकाने भाडेकरूवर टाकला तर गोष्ट वेगळी, पण मग तसं नाव घेऊन लिहायला हवं.

शिफ्टिंगच्या २,००० रुपयांना तर कोणतंच माप नव्हतं. लिफ्टला ओरखडा पडला असता तर त्याची भरपाई समजली असती. सामान चढलं म्हणून सरसकट दोन हजार, याला मला त्या सोसायटीच्या कुठल्याही ठरावात आधार सापडला नाही. मॅनेजरनाही दाखवता आला नाही.

पाण्याची गोष्ट एवढी सरळ नाही, आणि इथे सोसायटीची बाजूही ऐकायला हवी. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं. पवना धरणातून उचललेलं पाणी वाढत्या शहराला पुरत नाही, आणि वाकड-रावेत-ताथवड्याच्या पट्ट्यात इमारती ज्या वेगाने उठल्या त्या वेगाने जलवाहिन्या टाकल्या गेल्या नाहीत. मधली तूट टँकरने भरून निघते. उन्हाळ्यात एखाद्या मोठ्या सोसायटीच्या फाटकाशी पहाटेपासून दहा-दहा हजार लिटरचे टँकर रांगेत उभे असतात. सेक्रेटरीला रोज त्याचे पैसे रोख मोजावे लागतात. हा खर्च खरा आहे. तो कोणीतरी भरायलाच हवा.

प्रश्न पुन्हा मापाचा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये पाण्याचा आकार कसा वाटायचा ते लिहिलेलं आहे: प्रत्येक सदनिकेतल्या नळांची एकूण संख्या आणि त्यांचा आकार यांच्या प्रमाणात. माणसं मोजा असं तिथे म्हटलेलं नाही. नळाचं माप अचूक आहे असं मी म्हणणार नाही. तीन नळांच्या घरात एक म्हातारं जोडपं राहत असेल आणि शेजारी सात माणसं, तर जोडप्यावर अन्याय होतो. खरं माप म्हणजे प्रत्येक घराला पाण्याचा मीटर. पण नळाच्या मापात एक न्याय आहे: ते मालकाला आणि भाडेकरूला सारखंच लागू होतं. आमच्या इमारतीत मालक राहत असलेल्या घरांना पाणी नळाने मोजलं जायचं आणि भाड्याच्या घरांना माणशी ३०० रुपयांनी. एकाच टाकीतलं पाणी, दोन मापं. मला चीड आली ती या दुसऱ्या मापाची. १,२०० रुपये त्या मानाने लहान होते. चार मुलं एकत्र राहतात म्हणून त्यांच्याकडून चौपट, अशी वाटणी करणाऱ्या कमिट्या पुण्यात जागोजाग आहेत, आणि मुलं बिचारी घर जाईल या भीतीने देत राहतात.

इमारत सोसायटी नसून 'अपार्टमेंट' असेल, तर हिशोब वेगळा. पुण्यात अशा इमारती खूप आहेत. त्यांना १९७०चा महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा लागू होतो आणि तिथे सामायिक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्शाच्या टक्केवारीने वाटला जातो. म्हणजे मोठ्या घराला जास्त. म्हणून भांडायला जाण्याआधी एक विचारावं: ही संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे?

आता वीज. इथे माझी स्वतःची समजूत चुकीची निघाली.

शिकत असताना मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिले होते. वाड्यात चार खोल्या, एकच महावितरणचं मीटर, प्रत्येक खोलीला मालकांनी लावलेलं सब-मीटर. मालक युनिटमागे सपाट दर घ्यायचे. आम्हाला खात्री होती की ते आम्हाला लुटतात, कारण बिलाच्या मागे छापलेला पहिला दर त्याच्या निम्माही नव्हता. पुढे कधीतरी मी गणित मांडलं.

महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी चढतात: महिन्याला १ ते १०० युनिट, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि ५००च्या वर. दुसऱ्या टप्प्याचा दर गेली काही वर्षं पहिल्याच्या दुपटीहून जास्त आहे. समजा चार खोल्यांनी प्रत्येकी ९० युनिट वापरले. चौघांचे वेगवेगळे मीटर असते तर सगळे ३६० युनिट सर्वांत स्वस्त टप्प्यात बसले असते. एका मीटरवर मात्र फक्त पहिले १०० युनिट स्वस्त. उरलेले २६० दुप्पट किंवा त्याहून चढ्या भावात. पहिल्या टप्प्याचा दर १ धरला तर वेगळ्या मीटरवर ३६०, एकत्र मीटरवर निदान ६२०. तीच वीज, तेवढाच वापर आणि बिल पावणेदोन पट. वर या रकमेवर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क असतं, तेही त्या प्रमाणात फुगतं. हे जादा पैसे मालकाच्या खिशात गेलेच असतील असं नाही. चार खोल्यांना मिळायला हवी असलेली शंभर-शंभर युनिटांची सवलत एकाच मीटरमुळे एकदाच मिळते, तीन वेळा बुडते. वाड्याच्या मालकांबद्दल आम्ही जे बोलायचो त्याचं मला आज वाईट वाटतं.

तरीही सब-मीटरवर राहणाऱ्याने मालकाकडे मूळ बिल मागावंच. वीज वितरणाला किंवा तिच्या व्यापाराला २००३च्या विद्युत कायद्यानुसार परवाना लागतो; घरमालकाला बिल वाटून घेता येतं, विजेचं दुकान मांडता येत नाही. महिन्याचं बिल आणि सगळ्या सब-मीटरची रीडिंग एका कागदावर लिहून जिन्यात लावली की वाद उरत नाही.

आणि खरा उपाय म्हणजे वेगळं मीटर. तो मालकाच्या मर्जीवर आहे असं आपण समजतो. विद्युत कायद्याच्या ४३व्या कलमात वीज मागण्याचा हक्क जागेच्या मालकाला किंवा 'ताबेदाराला' आहे. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की वीज ही मूलभूत गरज आहे, आणि मालकाने ना-हरकत पत्र दिलं नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही. अर्जदार त्या जागेत राहतो की नाही एवढंच वीज कंपनीने पाहायचं. दिल्ली सरकारने २०१९ साली भाडेकरूंना भाडेकरार दाखवून स्वतःच्या नावाने प्रीपेड मीटर घेता येईल अशी योजनाच काढली होती. आपल्याकडच्या कॉट बेसिसवाल्या पेठांना तशा योजनेची फार गरज आहे.

वाकडच्या घरातलं मोठं बिल मात्र टप्प्यांमुळे आलेलं नव्हतं. आम्ही येण्याआधी घर तीन महिने बंद होतं. मीटर आतल्या बाजूला, कुलपामागे. रीडिंग घ्यायला आलेल्याला मीटर दिसलं नाही की सरासरीने बिल निघतं. पुढे खरं रीडिंग मिळालं की आधीचा फरक एकदम चढतो किंवा उतरतो. आधीच्या कुटुंबाने जाताना वापरलेल्या युनिटांचा फरक आमच्या बिलात चढला होता. बिलावर 'मागील रीडिंग' आणि 'चालू रीडिंग' असे दोन रकाने असतात. त्यातलं मागील रीडिंग आणि मी पहिल्या दिवशी, केवळ सवयीने, काढलेला मीटरचा फोटो यांच्यात १४० युनिटांचा फरक होता. फोटोवर तारीख होती. काकांनी तो पाहिला आणि तेवढी रक्कम पुढच्या भाड्यातून वजा करायला लगेच सांगितलं. त्यांच्या बाजूने खोट नव्हती; त्यांना ते माहीतच नव्हतं.

सुरक्षा ठेवीचं बिल हे बहुतेक भाडेकरू वीजबिल समजून भरून टाकतात. ते वीजबिल नव्हे. वीज कंपनी वर्षातून एकदा ग्राहकाचा सरासरी वापर पाहते, जमा असलेली ठेव अपुरी असेल तर फरक मागते. ती ठेव ग्राहकाच्या नावावर राहते, तिच्यावर व्याज मिळतं आणि ते बिलात जमा होतं. मीटर काकांच्या नावाने, म्हणजे ठेव काकांची, व्याजही काकांचं. मी भरले असते तर अकरा महिन्यांनी घर सोडताना माझे पैसे त्यांच्या खात्यात ठेवून गेले असते. हे काकांना समजावताना मला अवघड झालं, कारण ते 'इतर सर्व आकार' पुन्हा काढतील असं वाटत होतं. मी म्हटलं, "काका, हा आकार नाही, ही ठेव आहे. तुमच्याच नावावर जमा होणार." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

जनरेटरचे ४५० रुपये आम्ही भरले. लिफ्ट आणि पंप त्यावर चालत होते आणि सगळ्या घरांना तेवढेच होते. जिथे जनरेटरची वीज घराघरात जाते, तिथे फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत केलेला बदल कामाचा आहे. वीज कंपनीकडून घेतलेली घरातली वीज, संस्थेने पुरवलेली बॅकअपची वीज आणि सामायिक जागांची वीज यांचं मोजमाप आणि बिल वेगवेगळं ठेवायचं. तिन्ही एका रकमेत कालवून मागता येत नाहीत.

हे सगळं आपल्याकडेच होतं असं नाही. टेक्ससमध्ये राहणारी माझी मामेबहीण सांगते, तिच्या अपार्टमेंटमध्ये पाण्याचं मीटर सगळ्या संकुलाला मिळून एकच. आलेलं बिल घराचं क्षेत्रफळ आणि माणसं यांच्या सूत्राने वाटतात. तिथल्या राज्याच्या नियामक आयोगाचे मात्र यावर नियम आहेत: वाटणी करण्याआधी बाग, पोहण्याचा तलाव अशा सामायिक वापराचा हिस्सा वजा करायचा, आणि भाडेकरूने मागितलं तर हिशोबाची कागदपत्रं दाखवायची. आमच्या मॅनेजरकडे टँकरच्या पावत्या मागितल्या तेव्हा ते म्हणाले होते, "तुम्ही मेंबर नाही, तुम्हाला कशा दाखवू?" कायद्याने ते बरोबर होते. सहकारी संस्थेचं दप्तर पाहण्याचा हक्क सभासदाला असतो. म्हणून पावत्या मागणारं पत्र मी लिहिलं आणि सही काकांनी केली. उपनिबंधकाकडे जायची वेळ आली असती तर अर्जही त्यांच्याच नावाने करावा लागला असता. विजेचं मात्र तसं नाही. बिलाबद्दल आधी महावितरणकडे, मग ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि त्यापुढे विद्युत लोकपालाकडे जाता येतं.

केंद्राने जून २०२१मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात घरमालकाच्या जोडीला 'मालमत्ता व्यवस्थापक' हाही जबाबदार धरला आहे, आणि दोघांनाही अत्यावश्यक पुरवठा अडवून धरायला मनाई केली आहे. भाडेकरूचा खरा व्यवहार आज मालकापेक्षा मॅनेजरशीच होतो, ही गोष्ट कायद्याच्या भाषेत आली याचं मला समाधान आहे. पण तो आदर्श मसुदा आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो दारापर्यंत येत नाही.

काकांच्या सहीचं पत्र गेल्यावर कमिटीची बैठक झाली. आम्हाला अर्थातच बोलावणं नव्हतं. काका गेले. परत येताना आमच्याकडे चहाला थांबले आणि म्हणाले, "सेक्रेटरी माझा जुना मित्र आहे. त्याला म्हटलं, भाडेकरू पाणी जास्त पितात का रे?" नॉन-ऑक्युपन्सी १८० झाली आणि त्यांच्याच बिलात गेली. शिफ्टिंगचे पैसे आम्ही भरलेले नव्हते. त्यावर कोणी पुन्हा काही म्हटलं नाही. पण आमच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी ते आधीच भरले होते, त्यांना परत मिळाले नाहीत. त्यांचे घरमालक परदेशात असतात आणि पत्रावर सही करायला त्यांना वेळ झाला नाही.

पुढच्या महिन्यात वॉचमनमामांनी चिठ्ठी आणून दिली. तिच्यावर दोनच ओळी होत्या. पहिल्या ओळीत छापलेल्या 'माणसं'वर पेनाने काट मारलेली होती आणि शेजारी लिहिलं होतं: नळ ३.